मेंढी विते तेव्हा आत काय घडते

भूम तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात माझ्या मामांची जमीन आहे. सोयाबीन निघाल्यावर जो तुकडा रब्बीत पेरायचा नसतो, त्यात ते दिवाळीनंतर मेंढरे बसवतात. म्हणजे वाटेवरचे एखादे धनगर कुटुंब आपला कळप काही रात्री त्या वावरात मुक्कामाला ठेवते. जमिनीला लेंड्या आणि मूत मिळते आणि त्या कुटुंबाला त्याबद्दल ज्वारी किंवा रोख रक्कम मिळते. मागच्या मार्गशीर्षात मी तिथे तीन रात्री राहिले आणि तेवढ्यात सात मेंढ्या आणि एक शेळी विताना पाहिली. वाड्यावरच्या, म्हणजे त्या कुटुंबाच्या तळावरच्या, आजी प्रत्येक वेळी बॅटरी घेऊन जनावरापासून चार हातांवर बसून राहत. कधी तासभर काहीच करीत नसत, आणि कधी एकदम पदर खोचून पुढे सरसावत. हात कधी लावायचा आणि कधी लावायचा नाही हे त्यांना कळत होते. मला कळत नव्हते. त्यामागची कारणे मी नंतर वाचून आणि पशुवैद्यकांना विचारून समजून घेतली. ती येथे सोप्या शब्दांत मांडते आहे, कारण शेळ्या-मेंढ्या असलेल्या घरांत पहिल्या दोन-तीन दिवसांत जी पिल्ले दगावतात त्यांतली पुष्कळशी वाचण्यासारखी असतात, असे मला आता मनापासून वाटते.

आधी हंगामाविषयी. इंग्लंडसारख्या देशात मेंढ्या वसंतात वितात, कारण तिथल्या मेंढीला माज येण्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते. दिवस लहान होऊ लागले की रात्रीच्या अंधारात मेंदूत तयार होणारे मेलाटोनिन अधिक वेळ स्रवते, त्यावरून तिच्या शरीराला शरद ऋतू आल्याचे कळते आणि ती माजावर येते. लंडनला हिवाळ्यातला दिवस आठ तासांहून थोडा कमी असतो आणि उन्हाळ्यातला साडेसोळा तासांच्या पुढे जातो. परभणीत हाच फरक सुमारे ११ तास ते सव्वातेरा तास इतकाच आहे. त्यामुळे आपल्याकडच्या मेंढीवर दिवसाच्या लांबीपेक्षा चाऱ्याचा अंमल अधिक चालतो. मृगाचा पाऊस पडतो, माळावर हिरवे येते, उन्हाळ्यात खंगलेली मेंढी पंधरा-वीस दिवसांत अंगाने भरते आणि माजावर येते. तो माज फळला नाही तर साधारण १७ दिवसांनी पुन्हा येतो. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो, म्हणून १५ जूनला फळलेली मेंढी ९ नोव्हेंबरच्या आसपास विते. मराठवाड्यात पाऊस लांबला की मेंढ्यांची वीतही पुढे सरकते, हे आजींनी मला कॅलेंडर न पाहता सांगितले होते. शेळीचे दिवस थोडे अधिक, सुमारे १५० भरतात, आणि आपली उस्मानाबादी शेळी तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात विते.

या पाच महिन्यांतले पहिले साडेतीन महिने बाहेरून काही जाणवत नाही. गर्भाची जवळजवळ दोन तृतीयांश वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि इथेच पहिला धोका असतो. पोटात जुळे असेल तर वाढलेले गर्भाशय मेंढीच्या कोथळ्यासाठी जागाच ठेवत नाही. गरज वाढलेली असताना तिला खाववत मात्र कमी. मग ती अंगावरची चरबी जाळू लागते. चरबी फार वेगाने जाळली की रक्तात किटोन नावाची द्रव्ये साचतात, मेंढी सुस्त होते, कळपामागे रेंगाळते, दिसत नसल्यासारखी एका जागी उभी राहते आणि उपचार झाले नाहीत तर विण्याच्या आधीच मरते. पुष्कळ ठिकाणी याला ‘काहीतरी बाधलं’ म्हणून सोडून दिले जाते. बाधलेले काही नसते, ती उपाशी असते. या सहा आठवड्यांत रोज मूठ-दोन मूठ भरडलेला मका किंवा ज्वारी, थोडी सरकी पेंड आणि तुरीचे भुसकट दिले तरी मोठा फरक पडतो. धान्य मात्र हळूहळू वाढवावे, कारण एकदम दिले तर पोट आंबते.

आता मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट सांगते. विण्याचा दिवस कोण ठरवते? आपण सहज म्हणतो की आईचे दिवस भरले. मेंढीच्या बाबतीत मात्र तो दिवस पोटातले कोकरू ठरवते.

हे न्यूझीलंडमधील ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवरच दाखवून दिले. गर्भातल्या कोकराच्या मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी निकामी केली तर दिवस उलटून गेले तरी मेंढी वीत नाही, आणि उलट कोकराला कॉर्टिसॉल या संप्रेरकासारखे द्रव्य टोचले तर ती वेळेआधीच विते, असे त्यांना आढळले. त्यावरून पुढे सारी साखळी उलगडली. वाढ पूर्ण होत आली की कोकराचा मेंदू त्याच्या पियूषिका ग्रंथीला इशारा देतो आणि ती त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावते. हे कॉर्टिसॉल वारेत, म्हणजे गर्भाला गर्भाशयाशी जोडणाऱ्या अवयवात, पोहोचले की तिथे मोठी उलथापालथ होते. इतके दिवस वार प्रोजेस्टेरॉन तयार करीत असते आणि त्यामुळे गर्भाशय शांत राहते. आता तीच वार प्रोजेस्टेरॉनचे रूपांतर करून इस्ट्रोजेन बनवू लागते. शांत ठेवणारे द्रव्य घटते, चेतवणारे वाढते, त्यातून प्रोस्टाग्लँडिन तयार होते आणि गर्भाशय आवळू लागते. शेळीत एक फरक आहे. तिचे गाभणपण शेवटपर्यंत अंडाशयातल्या पीतपिंडावर, म्हणजे प्रोजेस्टेरॉन तयार करणाऱ्या गाठीवर, टिकून असते, आणि करडाकडून निघालेला इशारा शेवटी त्या पीतपिंडाला विरघळवतो.

हेच कॉर्टिसॉल त्याच दिवसांत कोकराची फुप्फुसे पिकवते, म्हणजे आतल्या बारीक पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून लागणारा साबणासारखा थर तयार करवते, आणि यकृतात साखरेचा साठा करवते. ज्या इशाऱ्याने दार उघडते त्याच इशाऱ्याने आतला जीव बाहेरच्या हवेसाठी तयार होतो. लिगिन्स यांच्या लक्षात आले की कॉर्टिसॉलसारखे औषध टोचल्यावर फार लवकर जन्मलेले एक कोकरू, जे जगायला नको होते, ते श्वास घेत होते. त्यातून त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असलेल्या स्त्रियांना असे औषध देऊन पाहिले आणि १९७२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज आपल्या जिल्हा रुग्णालयांतही सातव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी जी इंजेक्शने देतात, त्यांचे मूळ त्या कोकरात आहे. आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग जवळच्या मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “माणसाची लेकरं बी हिनंच जगवली म्हणायची की.”

आता त्या रात्रीकडे येते. संध्याकाळीच एक काळी मेंढी कळपापासून बाजूला झाली होती. कास तटतटलेली, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडून खळगे दिसत होते, खाणे सोडले होते आणि ती पुढच्या खुराने माती उकरून बसत होती, उठत होती. हा पहिला टप्पा. यात गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडत असते. याला दोन ते सहा तास लागतात, पहिल्या वेताची असेल तर त्याहून अधिक. या वेळी करण्यासारखे काही नसते, आणि माणसांची गर्दी केली तर जनावर घाबरून कळा रोखून धरते. दहाच्या सुमारास पाणमोट, म्हणजे गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसली आणि फुटली. तिथून दुसरा टप्पा सुरू होतो, तो बहुधा अर्ध्या-पाऊण तासात उरकतो. मी उतावीळ झाले होते. आजी म्हणाल्या, “कशाला गडबड करायलीस? पाय दिसायलेत, नाक बी यायलंय. आता तिचं तिला करू दे.”

या एका वाक्यात सारे शास्त्र होते. कोकरू योग्य बसले असेल तर आधी पुढचे दोन पाय आणि त्यांच्यावर टेकलेले नाक येते, विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखे. पाय डोक्याच्या पुढे असले की खांदे निमुळते होतात आणि वाट मिळते. नुसते डोके आले आणि पाय मागे राहिले तर खांदे अडकतात. एकच पाय आणि नाक दिसले तर दुसरा पाय आत दुमडलेला असतो. पाय आले आणि नाक नाही, तर मान मागे वळलेली असू शकते. आणि फक्त शेपूट हाताला लागत असेल तर कोकरू ढुंगणाकडून बसलेले असते. आलेले पाय पुढचे की मागचे हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. पुढच्या पायाचे खालचे दोन सांधे एकाच दिशेला वाकतात, मागच्या पायाचे विरुद्ध दिशांना. खुरांचे तळवे जमिनीकडे असतील तर बहुधा पुढचे पाय, आभाळाकडे असतील तर मागचे. मागच्या पायांनी येणारे कोकरू सुखरूप जन्मू शकते, पण ते कमरेपर्यंत बाहेर आले की थांबून चालत नाही, कारण तोवर नाळ दाबली गेलेली असते आणि डोके अजून आत पाण्यात असते.

पाणमोट फुटल्यावर मेंढी जोर लावते आहे आणि अर्धा तास उलटूनही काहीच पुढे सरकत नाही, तर ती मदतीची वेळ समजावी. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. डॉक्टर लांब असतील आणि घरातल्या जाणत्या माणसाला हात घालावाच लागला, तर नखे कापून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन, हातमोजा आणि भरपूर वंगण लावूनच घालावा. कळ येईल तेव्हाच ओढावे, आणि सरळ न ओढता मेंढीच्या मागच्या खुरांच्या दिशेने, खाली झुकते ओढावे, कारण जन्माची वाट तशीच वळलेली असते. दोन जणांनी मिळून दोरीने ओढणे म्हणजे मेंढी आणि कोकरू दोन्ही गमावणे. तिसऱ्या रात्री मी एका मेंढीचे दुमडलेले पाऊल आजींना सोडवताना पाहिले. त्यांनी आधी कोकराचे डोके कळ ओसरेपर्यंत थांबून आत ढकलले, तेव्हा पाऊल फिरवायला जागा मिळाली. ओढण्याआधी मागे ढकलायचे असते, हे मला कधी सुचले नसते.

काळ्या मेंढीचे कोकरू बाहेर पडले, नाळ आपोआप तुटली, आणि क्षणभर ते हललेच नाही. आजींनी नाकातोंडावरची चिकट साय बोटाने काढली आणि एक काडी नाकपुडीत फिरवली. ते शिंकले आणि श्वास सुरू झाला. नाळेतून रक्त येणे थांबणे, अंगावर एकदम थंड हवा लागणे आणि आईच्या खरखरीत जिभेचे घासणे, ही तिन्ही श्वासाला जागवतात. म्हणून कोकरू आईच्या तोंडापुढे ठेवावे, फडक्याने पुसून लखलखीत करू नये.

चाटण्याचे दुसरे कारण याहून खोल आहे. विताना गर्भाशयाच्या तोंडावर जो ताण येतो, त्यामुळे मेंढीच्या मेंदूत ऑक्सिटोसिन स्रवते आणि ती काही तासांपुरती पिल्लावर जीव लावायला तयार होते. केंब्रिजचे बॅरी केव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले की गाभण नसलेल्या मेंढीला आवश्यक ती संप्रेरके देऊन असाच ताण दिला, तर ती काही मिनिटांत परक्या कोकराला चाटू लागते. या काळात ती पिल्लाच्या अंगावरच्या पाण्याचा वास मनात साठवते. दोन-चार तासांत तो वास पक्का होतो आणि त्यानंतर तो वास नसलेल्या कोकराला ती डोक्याने हाणून दूर करते. जन्मताच पिल्लू तिच्यापासून काढून चार-सहा तास वेगळे ठेवले, तर पुष्कळ मेंढ्या ते नंतर घेत नाहीत. धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. एखादी मेंढी दगावली की तिचे पोरके कोकरू नुकत्याच विणाऱ्या दुसरीच्या पाण्याने माखून तिच्यापुढे ठेवतात.

मग येतो चीक, म्हणजे व्याल्यावरचे पहिले दाट दूध, आणि या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब हीच. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडे आईच्या पोटातच वारेतून मिळतात. मेंढी, शेळी, गाय यांच्या वारेची रचना अशी की आईच्या आणि पिल्लाच्या रक्तामध्ये अधिक पडदे असतात आणि प्रतिपिंडे त्यांतून जात नाहीत. कोकरू जन्मते तेव्हा त्याच्याकडे ती जवळजवळ नसतात. ती सारी चिकात असतात. आणि नवजात पिल्लाचे आतडे हे मोठे रेणू न पचवता जसेच्या तसे रक्तात घेऊ शकते ते पहिले चोवीस तासच. त्यातही पहिल्या सहा तासांनंतर ही क्षमता झपाट्याने घटते. मग ते दार बंद होते आणि कितीही चीक पाजला तरी तो नुसता अन्न म्हणून पचतो. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दोन तासांत साधारण १५० मिलिलिटर आणि दिवसभरात मिळून ६०० मिलिलिटर चीक पोटात जायला हवा. सडाच्या टोकाला मेणासारखे बूच असते, ते दोन धारा काढून मोकळे करावे. कधी कधी कोकरू तासभर ओढत असते आणि बुचामुळे त्याला काहीच मिळत नसते.

पहिला चीक जड असतो, पिल्लाला हगवण लागते, असे म्हणून तो पिळून टाकणारी घरे मी पाहिली आहेत. ज्यांनी खरवस खाल्ला आहे त्यांनी एवढे आठवावे की चीक तापवला की घट्ट होतो, तो त्यातल्या दाट प्रथिनांमुळे, आणि त्या प्रथिनांत मोठा वाटा याच प्रतिपिंडांचा असतो. म्हणूनच पिल्लाला पाजायचा चीक कधी उकळू नये. कोमट पाण्यात भांडे ठेवून अंगाइतका गरम करावा. आईला चीक नसेल तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा पाजावा, तोही नसेल तर गाईचा. आईला विण्याच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची, लस टोचलेली असेल तर तीच ताकद चिकातून पिल्लाला पहिले काही आठवडे पुरते. लस आईला आणि संरक्षण पिल्लाला, असा हा हिशेब आहे.

चिकाचे आणखी एक काम म्हणजे ऊब. कोकराच्या मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा थोडा साठा असतो. ही चरबी न थरथरता सरळ उष्णता निर्माण करते. पण ओल्या अंगाने, मोकळ्या वावरात, मार्गशीर्षातल्या वाऱ्यात तो साठा काही तासांतच संपतो. कोकराच्या अंगाचे तापमान ३९ अंशांच्या पुढे असायला हवे. त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले तर धोका आहे. त्याला कोरडे करून घोंगडीत, शक्य तर माणसाच्या अंगाशी धरावे. मान धरवत नसेल, गिळता येत नसेल, अशा वेळी बाटलीने दूध ओतू नये, कारण ते फुप्फुसात जाते.

नाळेला दोन-अडीच इंच ठेवून टिंक्चर आयोडीन लावावे. वार बहुधा दोन ते सहा तासांत पडते. बारा तास उलटले तर डॉक्टरांना बोलवावे. ती ओढू नये, कारण मेंढीची वार सत्तर-शंभर बटणांसारख्या गाठींनी आतून जोडलेली असते आणि ओढल्यास गर्भाशय फाटू शकते. वार कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरावी. एका गोष्टीबद्दल मात्र मला आग्रहाने सांगायचे आहे. ब्रुसेला नावाचा जंतू शेळ्या-मेंढ्यांत गर्भपात घडवतो आणि वारेतून, पाण्यातून, कच्च्या दुधातून माणसांत शिरून महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप आणि सांधेदुखी देतो. वाड्यावर हे काम बहुतेक बायकाच करतात, त्याही उघड्या हातांनी. हातमोज्यांची किंमत फार नसते. गरोदर बाईने तर मेंढीच्या विण्याजवळ जाऊच नये.

दुसऱ्या रात्री व्यालेल्या शेळीला दोन करडे झाली आणि कोणालाच नवल वाटले नाही, कारण काळी उस्मानाबादी जुळ्यांसाठीच ओळखली जाते. आपल्या दख्खनी मेंढीला मात्र बहुधा एकच कोकरू होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली आहे. अशी मेंढी घेणाऱ्याने शेवटच्या सहा आठवड्यांच्या खुराकाची आणि दोन पिल्लांपुरत्या दुधाची सोय आधी पाहावी, एवढेच मला सुचवावेसे वाटते.

सकाळी कळप चरायला गेला आणि रात्रीची कोकरे वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत डालग्याखाली राहिली, आजींच्या नातीच्या राखणीत. काळी मेंढी तीनदा मागे फिरली, तिला हाकलावे लागले. दिवस मावळताना कळप परतला तेव्हा धुळीआधी आवाज आला. शेकडो मेंढ्या एकदम ओरडत होत्या आणि आतून कोकरे ओ देत होती. वाघर उचलली गेली. लांबून त्या आवाजावर धावत होत्या, जवळ येऊन शेपटीखाली हुंगत होत्या, आणि वास जुळला नाही की पुढच्या कोकराकडे वळत होत्या. काळी मेंढी दोन कोकरांना ढकलून तिसऱ्यापाशी थांबली. ते गुडघे टेकून कासेला लागले आणि त्याची शेपटी जोराने हलू लागली. आजी म्हणाल्या, शेपटी हलते आहे म्हणजे दूध येते आहे, आणि बॅटरी घेऊन पुढच्या मेंढीकडे गेल्या.